योगवर्गात हसू आलं तर? आमच्या लातूरच्या वर्गातले नेहमीचे प्रश्न

पहाटे पावणेसहाला मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात आमचा वर्ग भरतो. २००९ पासून मी तो घेते. बहुतेक बायका, चार-पाच निवृत्त काका आणि आप्पा, सुट्टीत त्यांची नातवंडं. नवीन माणूस पहिल्या दिवशी दहावीच्या पेपरला बसल्यासारखं तोंड करून येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कशावरून तरी फिसकन हसतो आणि रात्री मला एकटीला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो, "मॅडम, आज हसू आलं, राग तर नाही ना आला?" तेच तेच उत्तर टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवते.

आसन करताना हसू आलं तर चालतं का?

चालतं. माझ्या वर्गात तर ती मोजपट्टीच आहे. फिरायला जाणाऱ्यांना सांगतात ना, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. तसं मी सांगते, हसता येईल एवढंच ताणा.

पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावायच्या नादात माणूस काय करतो बघा. दात आवळतो, खांदे कानाशी नेतो आणि श्वास कोंडून धरतो. कोंडलेल्या श्वासाने हसता येत नाही, आत्ता बसल्या जागी करून बघा. हसायचं तर श्वास सोडावाच लागतो. त्यामुळे कुणी फार जोर लावताना दिसलं की मी सूचना देत बसत नाही, काहीतरी वेडंवाकडं बोलते. हसली की बाईचे खांदे आपसूक खाली येतात.

आमच्या एक मावशी सहा महिने पायाचा अंगठा धरायला झटत होत्या. एका दिवशी सात वाजत आले होते, मावशी वाकलेल्या, अंगठा चार बोटं लांब, आणि बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली. मावशी वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "थांब रे बाबा, मलाच घिऊन जा." सगळा वर्ग फुटला. त्याही हसल्या आणि त्या हसण्यात अंगठा हाताला लागला. हरवलेली किल्ली सापडावी तसा तो दोन्ही हातांनी गच्च धरून मला विचारलं, "मॅडम, आता सोडू का?"

योग ही साधना आहे. हसण्याखिदळण्याने तिचं गांभीर्य जात नाही का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक निवृत्त मुख्याध्यापक असतात, त्यामुळे उत्तर पुराव्यानिशी देते.

पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर आणि सुख. त्यांच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे भागातलं, ४६वं सूत्र काढून बघा, 'स्थिरसुखमासनम्'. पुढच्याच सूत्रात ते साधायचा उपाय दिलाय, प्रयत्नशैथिल्य. म्हणजे धडपड सैल सोडणं. कपाळाला आठ्या घाला, असं कुठेच लिहिलेलं नाही.

स्वात्मारामांच्या पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात तर पहिल्याच उपदेशात, म्हणजे प्रकरणात, योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्यात. अति खाणं, अति कष्ट, वायफळ बडबड, नियमाग्रह, माणसांचा गोतावळा आणि चंचलपणा. नियमाग्रह म्हणजे नियमाला धरून अडून बसणं. टीकाकारांनी उदाहरण दिलंय ते पहाटे थंड पाण्याने अंघोळ करण्याच्या हट्टाचं. हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा आमच्या आक्कांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जानेवारीत नवरा त्यांना गार पाण्यानेच अंघोळ करायला लावायचा. या यादीच्या पुढच्याच श्लोकात योग सिद्धीला नेणाऱ्या सहा गोष्टी आहेत, आणि त्यात पहिला मान उत्साहाला आहे.

पण योग बुडवणाऱ्या यादीत बडबडही आहे, हे विसरायचं नाही. कुणाची सून काय म्हणाली, सोयाबीनला भाव काय आला, हे भुजंगासनात बोलायचं नाही. हसू चालेल, चकाट्या नाही. माणसांचा गोतावळाही त्या यादीत आहे, पण तेवढं मनावर घेतलं तर मला वर्गच बंद करावा लागेल.

आणि आपण मराठवाड्यातली माणसं. पैठणच्या नाथांनी चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी भारुडांतून लोकांना हसवत हसवत परमार्थ सांगितला. हसणारा माणूस कमी भाविक, असं आपल्या मातीत कधी ठरलं होतं?

पवनमुक्तासनात आवाज झाला तर?

सगळ्यांना विचारायचा असतो आणि कुणीच नावानिशी विचारत नाही, असा हा प्रश्न.

आसनाचं नावच वाचा. पवन मुक्त करायलाच ते आहे. आवाज झाला म्हणजे आसन बरोबर झालं. आधी उजवा गुडघा पोटावर दाबायचा आणि मग डावा, त्याला कारण आहे. मोठं आतडं उजव्या बाजूने वर चढतं, आडवं जातं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. आतल्या वाऱ्याला त्याच वाटेने पुढे ढकलायचं असतं.

आता आमच्याकडची गोष्ट. वेळ अमावस्या म्हणजे आमची येळवस, लातूर-धाराशिवकडचा मोठा सण. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पांडवांची पूजा, आंबिल, उंडे आणि भज्जी. भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला येईल तो पाला आणि वरून बेसन. डाळी-दाण्यांतला काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवून वायू तयार करतात. तीन वाट्या भज्जी खाल्लेल्या माणसाच्या पोटात पहाटेपर्यंत काय चाललेलं असतं, याचा अंदाज करा.

एका वर्षी मला भानच राहिलं नाही. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सूचना दिली, "उजवा गुडघा पोटाशी, श्वास सोडत..." उजव्या कोपऱ्यातून एक आवाज झाला. सगळं शांत. मग डावीकडून त्याला उत्तर आलं. मग मधूनच एक बारीक, लांबलचक. कुणी हलेना, सगळ्यांची नजर छताच्या पंख्याला लागलेली. तेवढ्यात आमच्या आजी गुडघा तसाच छातीशी धरून म्हणाल्या, "ज्वारीला पाखरं पडली का काय गं, सगळीकडून गोफणी सुटू लालत्या."

पुढची दहा मिनिटं एकही आसन झालं नाही. पण त्या दिवशीपासून आमच्याकडे या आवाजाला 'गोफण' म्हणतात आणि एक नियम पडला. गोफण सुटली की हसायचं, राखण करणारा कोण ते शोधायचं नाही.

हास्ययोग म्हणजे हेच का?

नाही. हास्ययोग हा वेगळा आणि अगदी अलीकडचा प्रकार आहे. मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. काही दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते पांचट आणि कुणाला तरी लागणारे, आणि माणसं कुरकुर करू लागली. तेव्हा त्यांनी विनोद काढूनच टाकला. हसणं हा सरळ व्यायाम केला. टाळ्या, 'हो हो हा हा हा', एकमेकांच्या डोळ्यांत बघणं आणि मधेमधे खोल श्वास. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत, त्यामुळे त्यात प्राणायाम आला. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन करतात तो याच चळवळीतून, १९९८ पासून.

आम्ही शनिवारी शेवटची पाच मिनिटं हे करतो. रोज नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडलं नव्हतं. मोठी माणसं वर्तुळात उभी राहून हात वर करून हसतायत हे बघून मलाच लाज वाटायची. आता आवडतं. का, ते पुढच्या उत्तरात.

कारण नसताना खोटं खोटं हसून काय मिळतं?

पहिलं मिनिट-दीड मिनिट काहीच नाही. नंतर शेजारणीचं तोंड बघून खरंच हसू यायला लागतं. हसणं हा मुळात चारचौघांतला मामला आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हसण्याचा अभ्यास करताना असं मांडलं की एकटं असताना हसण्यापेक्षा माणूस सोबतीत तीसपट जास्त हसतो. घरी आरशासमोर हास्ययोग करून बघितला आणि जमला नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शिवाय हसू खोटं असो की खरं, पोट मात्र खरंच हलतं. हसताना पोटाचे आणि फासळ्यांमधले स्नायू झटके देऊन हवा बाहेर टाकतात, एरवी आपण सोडतो त्याहून कितीतरी जास्त. छाती रिकामी झाली की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. कपालभातीतही श्वास झटक्याने सोडायचा आणि आत येईल तसा येऊ द्यायचा असतो. म्हणून ज्यांना कपालभाती जमत नाही, पोटाऐवजी खांदेच उडतात, त्यांना मी पोटावर हात ठेवून 'हा हा हा' करायला लावते. हाताखाली जे हलतं तेच कपालभातीत हलवायचं. शिकवण्याची इतकी सोपी युक्ती मला दुसरी सापडलेली नाही.

हसण्याने बीपी, शुगर, सांधेदुखी बरी होते का?

गोळ्या बंद करू नका. हसण्याने कॅन्सर जातो वगैरे जे फॉरवर्ड फिरत असतात, ते कृपा करून आमच्या ग्रुपवर टाकू नका.

दुखण्याबद्दल मात्र एक चांगलं काम झालेलं आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना सोबत बसवून विनोदी कार्यक्रम दाखवले आणि आधी-नंतर वेदना किती सहन होते ते मोजलं. पोटभर हसलेल्या माणसांची सहनशक्ती वाढलेली दिसली. नुसतं छान वाटणारं काही दाखवून तसा फरक पडला नाही. एका प्रयोगात तर माणसांना भिंतीला पाठ लावून खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं बसवलं होतं. म्हणजे आपलं उत्कटासनच, भिंतीचा आधार घेऊन. आमच्या वर्गात उत्कटासनाच्या वेळी मी विनोद का सांगते, ते आता कळलं असेल.

कुठल्या आसनात हसू नये?

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि मयूरासन. इथे हसू यायला लागलं की आधी खाली या, मग हसा. खूप हसलं की हातापायांतलं बळ जातं. मुरकुंडी वळते म्हणतो ती उगाच नाही, हसताना स्नायू खरोखरच ढिले पडतात. जमिनीवर असाल तर गंमत, मानेवर भार घेऊन उलटे असाल तर मान जायची.

वृक्षासनात धोका कमी, फजिती जास्त. एका वर्षी २१ जूनला, योगदिनाच्या मोठ्या कार्यक्रमात, मंचावरचे गृहस्थ लोकांकडे तोंड करून "उजवा पाय" म्हणाले आणि स्वतःचाही उजवाच उचलला. निम्म्या मैदानाने ऐकलं, निम्म्याने बघितलं. शेजारी शेजारी उभ्या माणसांचे गुडघे एकमेकांत अडकले, एक बाई हसली, तोल गेला, आणि ती ओळ गव्हाची पेंढी आडवी व्हावी तशी एका बाजूला झुकत गेली. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून मी वर्गाकडे पाठ करूनच दाखवते.

हर्निया असेल, पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, बीपी आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर शनिवारचा जोरजोरात हसण्याचा भाग तुम्ही बसून नुसता बघायचा. गालातल्या गालात हसायला बंदी नाही.

हसताना लघवीचे थेंब जातात. काय करू?

हे विचारणाऱ्या बायकांचे मेसेज नेहमी रात्री अकरानंतर येतात आणि शेवटी 'कुणाला सांगू नका' असतं. म्हणून नाव न घेता सगळ्यांनाच सांगते, तुम्ही एकट्या नाही. खोकताना, शिंकताना, हसताना पोटातला दाब वाढतो. बाळंतपणांनी, वयाने ओटीपोटाचा खालचा आधार सैल झाला असेल तर तेवढा दाब धरून ठेवता येत नाही.

मूलबंधाचा सराव करा. लघवी रोखून धरतो तसं आत वर ओढायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, तेवढाच विसावा द्यायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. प्रत्यक्ष लघवीला बसलेलं असताना हा सराव करायचा नाही. दोन-तीन महिने नेमाने करूनही फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 'आता वयच झालं' म्हणून गप्प बसू नका. आणि त्यासाठी हसणं सोडू नका. वर्गाला येताना जाऊन या, पॅड वापरा, मागच्या रांगेत बसा.

शवासनात घोरलो तर?

कोपराने ढोसतील. शवासन थकवा घालवतं असं हठप्रदीपिकेतच सांगितलंय. पण झोप आणि शवासन या दोन गोष्टी आहेत. रोज घोरत असाल तर रात्रीची झोप पुरत नाही असं समजा. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आमच्या वर्गाचं सगळ्यात गाजलेलं शवासन २०१६ च्या उन्हाळ्यातलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेच वर्ष. मी अगदी मऊ आवाजात म्हणत होते, "शरीर जड झालंय, कुठलीही इच्छा उरलेली नाही..." आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. डोळे उघडून बघते तर समोर अठरा चटया, आणि माणूस एकच, सत्तरीचे आप्पा. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "आमची सून गेलीय नंबराला. तुम्ही चालू द्या."

आसनांची अवघड नावं घेताना हसू येतं.

येऊ द्या. आमच्याकडे अधोमुख श्वानासन म्हणजे 'कुत्रं', भुजंगासन म्हणजे 'नागोबा' आणि शलभासन म्हणजे 'टोळ'. एका काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, त्या कुत्र्यात लई येळ ठिवू नका, दार मागच्या बाजूला हाय." तेव्हापासून आम्ही दाराकडे तोंड करून बसतो.

जमत नाही म्हणून कुणी मला हसलं तर?

तर मी त्याला गप्प करीन. हसण्याच्या बाबतीत मी फक्त इथे कडक आहे.

मी शिकत होते तेव्हा एका शिबिरात मला चक्रासन जमेना. शिकवणाऱ्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना म्हणाले, "हे बघा, हे चक्र नाही, पंक्चर झालेलं टायर आहे." साठ माणसं हसली. मीही हसले, दुसरं काय करणार? त्यानंतर चार वर्षं मी चक्रासनाच्या वाटेला गेले नाही. पाठ कधी तक्रार करत नव्हती, मन करत होतं.

म्हणून आमच्याकडे स्वतःवर हसा, आसनावर हसा, माझ्यावर तर जरूर हसा. दुसऱ्याच्या पोटावर, वयावर, साडीवर किंवा बोलीवर नाही. भंगारवाल्याच्या गोष्टीत मावशी स्वतःवर हसल्या होत्या. तेच वाक्य दुसऱ्या कुणी त्यांना उद्देशून म्हटलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या.

सिंहासनात जीभ बाहेर काढायची लाज वाटते.

सगळे एकदमच काढतात, आणि त्या वेळी कोण कुणाकडे बघणार? नातवंडांना घेऊन या. डरकाळी कशी फोडायची ते तीच तुम्हाला शिकवतील.

घरी करायला बसले की मालक हसतात.

त्यांना शेजारी बसवा आणि वज्रासनात दोन मिनिटं बसायला सांगा. गुडघे दुखत असतील तर नको. पण ते नसेल तर दोन मिनिटांनी कोण हसतंय ते बघा.

मला हसूच येत नाही. सगळे हसतात तेव्हा एकटी पडल्यासारखं वाटतं.

ओढून-ताणून हसू नका. शनिवारी सगळे टाळ्या वाजवत असतील तेव्हा तुम्ही डोळे मिटून भ्रामरी करा, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडा. हसण्यातही श्वास सोडायचाच असतो आणि भ्रामरीतही, फक्त ती हळू आणि एकटीने करता येते. बरेच आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. त्यासाठी नुसत्या योगवर्गावर विसंबू नका.

आमच्यात एक काका आहेत. काकू गेल्यावर आठव्या दिवसापासून यायला लागले. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसतात. गोफण सुटते, सगळे लोळतात, ते गुडघा पोटाशी धरून वर बघत राहतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. एक दिवस उशीर झाला तर ती भिंतीकडची जागा कुणीही घेत नाही, एवढंच.

वर्गाला येताना काय आणायचं?

चटई किंवा जुनी चादर, आणि पाण्याची बाटली. पोट रिकामं हवं, चहा चालतो, पण अर्धा कपच. साडी नेसून आलात तरी चालेल, काष्टा घाला म्हणजे अडचण होत नाही. मोबाइल बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा. फी नाही, सभागृह झाडायची पाळी आठवड्याने येते. सणासुदीलाही सुट्टी नसते. येळवशीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा वर्ग भरतो, सुट्टी असते ती फक्त पवनमुक्तासनाला.